आधी राहा, मग विचारा

मे महिन्यात परीक्षा आटोपतात, वसतिगृहे ओस पडतात, आणि पंधरा दिवस उलटतात न उलटतात तोच त्यांतल्या काही खोल्यांची कुलुपे पुन्हा निघतात. उन्हाळी अभ्यासवर्गाला आलेली मुले बॅगा ओढत वॉर्डनच्या टेबलापाशी रांग लावतात, रजिस्टरवर सही करून किल्ली घेतात, पंखा फिरतो का ते आधी बघतात आणि मग गादीवर चादर घालतात. आपल्याकडच्या अशा वर्गांत एमटीटीएसचे, म्हणजे मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च प्रोग्रॅमचे, नाव गणिताच्या वर्तुळात सगळ्यांना ठाऊक आहे. प्रा. एस. कुमारेसन यांनी मुंबई विद्यापीठात असताना 1993 साली तो सुरू केला. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या पैशावर तो चालत आला आहे. बीएस्सी-एमएस्सीची मुले देशाच्या कानाकोपऱ्यातून येतात आणि चार आठवडे एकत्र राहून गणित करतात. या चार आठवड्यांतले पहिले काही दिवस रुळण्यात जातात. स्नानगृह कुठे, मेस किती वाजता बंद होते, शेजारच्या कॉटवरचा मुलगा कोणती भाषा बोलतो, रात्री दिवा कधी मालवायचा, यांतच लक्ष अडकलेले असते. हिशेबी माणूस म्हणेल की हा वेळ फुकट गेला आणि शिक्षण सुरू झाले ते नंतर. हा हिशेब चुकीचा आहे असे मला वाटते. रुळणे हा शिकण्याचाच पहिला भाग आहे. आपल्या धर्मपरंपरांनी तो तसा मानला होता, आणि त्यामागची त्यांची कारणे आजही टिकणारी आहेत.

याच्या आड येणारा सर्वांत भक्कम आक्षेप आपल्याच घरातला आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या चतुःसूत्रीवर भाष्य करताना ज्ञान आणि कर्म यांत एक स्वच्छ भेद केला. कर्म करणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते: करावे, करू नये, वेगळ्या रीतीने करावे, सगळे त्याच्या हातात. ज्ञानाचे तसे नाही. ज्ञान वस्तूवर अवलंबून असते. समोर खांब असेल तर तो खांबच, कोणाच्या इच्छेने त्याचा पुरुष होत नाही. ही मांडणी एकदा मान्य केली की पुढचा प्रश्न सरळ अंगावर येतो. खांब सातारला बसून पाहिला काय आणि काशीला बसून पाहिला काय, फरक कसला? मूळ संख्या अनंत आहेत, हे सिद्ध करायला कॉट कोणाच्या शेजारी आहे याच्याशी काय देणेघेणे? ज्ञान वस्तुतंत्र असेल तर घर सोडून जाणे, परक्या छपराखाली झोपणे, परक्या हातचे खाणे ही सगळी नुसती व्यवस्था ठरते. पुस्तक नव्हते तेव्हा गुरूकडे जावे लागे, आता पुस्तक आहे आणि व्याख्यान हातातल्या फोनवर आहे, मग जायचे कशाला? आक्षेप खोटा नाही. त्याला उत्तर शोधायचे तर परंपरेत शिष्य येतात तेव्हा नेमके काय घडते, तिथपासून सुरुवात करावी लागते.

प्रश्नोपनिषदात सहा जण हातात समिधा घेऊन पिप्पलादाकडे येतात. त्यांत एक भार्गव वैदर्भी आहे, म्हणजे आपल्या विदर्भाचे नाव लावणारा. हे कोणी कोवळे बटू नाहीत. ब्रह्मनिष्ठ, वेद शिकलेले, परब्रह्माचा शोध घेत निघालेले लोक आहेत, आणि प्रत्येकाजवळ आपापला प्रश्न तयार आहे. पिप्पलाद त्यांची परीक्षा घेत नाही, उपदेशही करत नाही. तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धा राखून आणखी एक वर्ष इथे राहा, मग हवे ते विचारा, असे सांगतो. वर आणखी म्हणतो की आम्हाला माहीत असेल तर सगळे सांगू. या प्रसंगात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. गुरूने स्वतःच्या अज्ञानाला पहिल्याच भेटीत जागा ठेवली. आणि वर्षभरानंतर सहावा, सुकेशा भारद्वाज, जेव्हा तोंड उघडतो तेव्हा तो आधी आपल्या फजितीची गोष्ट सांगतो. कोसलचा राजपुत्र हिरण्यनाभ रथात बसून आपल्याकडे आला, सोळा कलांच्या पुरुषाविषयी त्याने विचारले, आणि आपण त्याला ‘मला ठाऊक नाही’ असे सांगितले. राजपुत्र काही न बोलता रथात बसून निघून गेला. राजपुत्रापुढे मान खाली घालावी लागल्याची ही हकीकत सुकेशा पाच बरोबरीच्या विद्वानांदेखत सांगतो. वर्षभर एका आवारात राहिलेल्या माणसांपुढेच हे जमते. पहिल्या दिवशी, ओळखपाळख नसताना, प्रत्येकजण आपापले बिरुद सांभाळत बसलेला असतो.

रुळणे म्हणजे काय, याचा खुलासा इथे करायला हवा, कारण नेहमीच्या बोलण्यात आपण त्याचा अर्थ ‘सोयीने राहता येणे’ असा धरतो. मुलगा रुळला म्हणजे त्याला जेवण मानवले, झोप लागू लागली, घरी फोन कमी झाले. विनयपिटकातल्या महावग्गात नेमक्या याच समजुतीवर बोट ठेवणारी एक कथा आहे. पावसाळ्यात भिक्षू भटकत राहिले तर ओले गवत आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती. त्यावरून बुद्धाने तीन महिने एका जागी राहण्याचा वर्षावास घालून दिला. कोसल देशातल्या काही भिक्षूंनी हा वर्षावास भांडणतंटा न होता सुखाने पार पाडायचा असे ठरवले आणि त्यासाठी एक युक्ती काढली: कोणी कोणाशी बोलायचेच नाही. भिक्षेवरून जो आधी परतेल त्याने आसने मांडायची, पाय धुवायला पाणी ठेवायचे. जो शेवटी येईल त्याने भांडी धुऊन जागा झाडायची. पाण्याचा घडा रिकामा दिसेल त्याने तो भरायचा, आणि एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवायचे, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. तीन महिने हे यंत्रासारखे चालले. नंतर ते बुद्धाला भेटायला गेले आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, आम्ही सुखाने राहिलो. बुद्धाने त्यांची चांगलीच कानउघाडणी केली: हे गुराढोरांचे, मेंढरांचे एकत्र राहणे झाले. आणि त्याच प्रसंगी त्याने पवारणेचा नियम केला. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्षूने संघापुढे बसून, माझ्यात काही दोष दिसला, ऐकू आला, शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती करायची.

गंमत अशी की घडा भरण्याची आणि खुणेने बोलावण्याची हीच पद्धत अनुरुद्ध नावाचा भिक्षू आणि त्याचे दोन सोबतीही पाळत असत, आणि त्यांची मात्र बुद्धाने वाहवा केली. दोन्हीकडे मौन तेच, घडाही तोच. फरक एवढाच की अनुरुद्ध आणि त्याचे सोबती दर पाचव्या दिवशी रात्रभर धर्मचर्चेला बसत. कोसलच्या भिक्षूंना सोय साधली होती, बाकी काही साधले नव्हते. तेव्हा आपण जिला रुळणे म्हणतो त्या गोष्टीचे खरे माप झोप आणि जेवण हे नाही. माझी चूक दुसऱ्याला दिसू देणे, त्याने ती दाखवणे आणि मला ती ऐकता येणे, हे ते माप आहे. आणि ही स्थिती येण्यासाठी आधी घड्याचे, झाडलोटीचे, आसन मांडण्याचे दिवस जावे लागतात. ज्याच्यासाठी आपण पाणी भरून ठेवले आहे त्याचे बोलणे तेवढे लागत नाही.

आता गणिताच्या वर्गात परत येऊ. एमटीटीएसची शिकवण्याची रीत प्रश्नोत्तरांची आहे. शिक्षक व्याख्या सांगून पुढे जात नाही, मुलांकडून उदाहरणे काढून घेतो, ‘हे का?’ म्हणून अडवतो. इकडे येणारी बरीच मुले आपापल्या कॉलेजात पहिल्या दोघा-तिघांत असलेली, पाठ केलेली सिद्धता परीक्षेत जशीच्या तशी उतरवून वाहवा मिळवलेली. तालुक्याच्या गावी त्यांचे नाव झालेले असते. इथे त्यांना फळ्यापाशी बोलावतात आणि सातत्याची व्याख्या नकारार्थी करून लिहायला सांगतात. हातात खडू आहे, पाठीमागे अनोळखी माणसांची रांग आहे, आणि ‘प्रत्येक’च्या जागी ‘कोणता तरी एक’ कुठे घालायचा ते सुचत नाही. एप्सिलॉन-डेल्टा तोंडपाठ आहे, पण कळलेला नाही, हे त्या घटकेला त्याला स्वतःलाच कळते. घरी हे कळले नसते, कारण घरी त्याला कोणी विचारलेच नसते. आईवडिलांना मुलगा हुशार आहे एवढे पुरे असते आणि कॉलेजला निकाल. आपल्या जाणतेपणाला आधार देणारी सगळी मंडळी आपल्या गावात असतात. म्हणून अज्ञान कळायला गाव सोडावे लागते. कळल्यानंतर त्याची लाज न वाटता रात्री जेवणाच्या टेबलावर ‘ते मला जमले नाही, तू कसे केलेस?’ असे विचारता येईल, त्या दिवशी तो मुलगा रुळला असे मी म्हणेन.

यातून शंकराचार्यांच्या भेदाला धक्का लागत नाही. खांबाचे ज्ञान खांबावरच अवलंबून आहे, पण खांबाकडे पाहणाऱ्याचे डोळे स्वच्छ आहेत का, हा प्रश्न माणसावर अवलंबून आहे. म्हणूनच त्याच भाष्यात, ब्रह्मजिज्ञासा कशानंतर सुरू होते याचे उत्तर देताना, आचार्य विवेक, वैराग्य, शमदमादी साधने आणि मुमुक्षा यांची अट घालतात. शमदमादींत तितिक्षा येते, म्हणजे थंडीऊन सोसण्याची ताकद. वस्तुतंत्र ज्ञानाला तितिक्षेची काय गरज, असे कोणी विचारले तर उत्तर हेच की तितिक्षेने ज्ञान उपजत नाही, पण अडथळा हटतो. हवे तसे जेवण, हवी तशी खोली आणि हवा तसा मान मिळाल्याशिवाय ज्याचे चित्त जागेवर राहत नाही, त्याचे लक्ष वस्तूकडे जाईल तरी कधी? अर्थात तितिक्षेच्या नावावर मुलांना उपाशी ठेवावे असा याचा अर्थ नव्हे. छांदोग्यात उद्दालक आपल्या मुलाला पंधरा दिवस नुसत्या पाण्यावर ठेवतो आणि मग ऋचा म्हणायला सांगतो. मुलाला एक आठवत नाही. जेवल्यावर सगळ्या आठवतात. मेसच्या कंत्राटदारांना ही गोष्ट कोणी तरी वाचून दाखवायला हरकत नाही.

उद्दालकाचा हा मुलगा म्हणजे श्वेतकेतू, आणि माझ्या म्हणण्यावरचा दुसरा मोठा आक्षेप तोच आहे. तो बाराव्या वर्षी गुरूकडे गेला, चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून परतला, आणि परतला तो ताठ मानेने, स्वतःला मोठा पंडित समजत. मग बापाने घरच्या घरी त्याला वडाचे फळ आणायला लावले, फोडायला लावले, आतले बी फोडायला लावले आणि काय दिसते ते विचारले. काही दिसत नाही, असे त्याला म्हणावे लागले. निवासाच्या बारा वर्षांनी गर्व दिला आणि घराने ज्ञान दिले, असाच या कथेचा सरळ अर्थ लागतो. मी तो नाकारत नाही. पण बापाने घरी जे केले ते पाहा: त्याने मुलाला ‘दिसत नाही’, ‘कळत नाही’, ‘पुन्हा सांगा’ असे म्हणायला लावले. गुरूकडे बारा वर्षांत जे व्हायचे राहिले ते हेच होते. नुसते राहणे पुरत नाही, हे कोसलच्या भिक्षूंनीही दाखवलेच आहे. शिवाय श्वेतकेतूची आणखी एक कथा आहे. पांचालांच्या सभेत राजा प्रवाहण जैवलीने त्याला पाच प्रश्न विचारले, एकाचेही उत्तर आले नाही. तो रागारागाने घरी आला. बापालाही उत्तरे माहीत नव्हती. बृहदारण्यकाच्या पाठात बाप म्हणतो, चल, दोघे जाऊन तिथे शिष्य म्हणून राहू. मुलगा म्हणतो, तुम्हीच जा. आणि तो म्हातारा, स्वतः गुरू असलेला माणूस, क्षत्रिय राजाच्या दारी विद्यार्थी म्हणून जाऊन राहतो. घरी बसून वडाच्या बीचा धडा देऊ शकणारा उद्दालक स्वतःला न येणाऱ्या गोष्टीसाठी घर सोडतो, आणि बारा वर्षे बाहेर राहून आलेला मुलगा उंबरठा ओलांडायला तयार नाही. गर्व कशाने झाला आणि तो उतरवायचा कसा, याचे उत्तर या दोघांच्या वागण्यातच आहे.

तिसरा आक्षेप अधिक आजचा आहे आणि तो हलका समजू नये. दुसऱ्याला चूक दाखवू द्यायची म्हणजे दुबळ्या, लाजाळू, इंग्रजी न येणाऱ्या मुलाला चारचौघांत उघडे पाडायचे परवानेच वाटायचे नाहीत का? वसतिगृहातल्या रॅगिंगनेही नेमके हेच समर्थन वापरले: आम्ही नव्याचा गर्व उतरवतो, त्याला रुळवतो. 2009 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला रॅगिंगविरोधी नियम करावे लागले ते उगीच नाही. पण विनयाची योजना या धोक्याला जागा ठेवत नाही. पवारणेत विनंती आधी दोषी करतो, आरोप करणारा नाही. आणि सगळ्यात ज्येष्ठ भिक्षू पहिल्यांदा बसून विनंती करतो, नवा सर्वांत शेवटी. एरवीही कोणाचा दोष काढायचा तर आधी त्याची परवानगी मागावी, असा नियम आहे. म्हणजे फळ्यापाशी पहिली चूक शिक्षकाची दिसली पाहिजे. पिप्पलादाने ‘माहीत असेल तर’ म्हणून तेच केले. ज्या वर्गात शिक्षक कधीच अडत नाही, त्या वर्गात मुलांकडून चुका कबूल करून घेण्याचा त्याला अधिकार नाही.

आणि मग चौथा प्रश्न, ज्याला बगल देऊन या विषयावर मराठीत लिहिताच येणार नाही: कोणाला येऊ दिले? सत्यकाम जाबालाला गोत्र माहीत नव्हते, त्याने आईने सांगितले ते खरे सांगितले आणि हारिद्रुमत गौतमाने त्याला ठेवून घेतले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. एकलव्याची सांगताना घसा कोरडा पडतो. निवासी विद्येचे दार शतकानुशतके बहुतेकांना बंद होते. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात एकेका जातीची वसतिगृहे उभी केली, कारण त्या काळी त्याशिवाय मुले आलीच नसती. पुढचे पाऊल भाऊराव पाटलांनी टाकले. ते स्वतः जैन बोर्डिंगात राहिलेले. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला आणि म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, ही हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. 1924 मध्ये साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह काढले त्यात सगळ्या जातींची मुले एका स्वयंपाकाचे, एका पंगतीत जेवत. ते चालवायला पैसा उरला नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने साताऱ्याची ती पंगत उपनिषदांइतकीच मोलाची साक्ष आहे. ज्याच्या हातचे आपण खात नाही त्याने आपली चूक दाखवली तर ती आपण ऐकणार नाही, किंवा ऐकल्यासारखे करू. आधी एकत्र जेवायला बसणे, मग एकत्र शिकणे, हा क्रम भाऊरावांनी कोणत्या भाष्यातून घेतला नव्हता, पण तो पिप्पलादाच्या क्रमाशी जुळतो. ज्या आश्रमांनी पंगती वेगळ्या ठेवल्या त्यांनी आपलीच अट मोडली, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

चार आठवड्यांत काय होणार, हा आक्षेप त्या मानाने किरकोळ आहे. इंद्राला प्रजापतीकडे एकशे एक वर्षे लागली, पिप्पलादाने एक वर्ष सांगितले, आणि अश्वपती कैकेयाने पाच गृहस्थांना आणि उद्दालकाला एक रात्र ठेवून घेऊन दुसऱ्याच सकाळी, उपनयनही न करता, शिकवायला घेतले. परंपरेने मुदत ठरवून दिलेलीच नाही. हातात समिधा घेऊन येण्याइतकी तयारी असेल तर एक रात्र पुरते. पडद्यावरच्या वर्गाविषयी एवढेच म्हणेन की तिथे माहिती मिळते, शंकाही विचारता येते, पण कॅमेरा बंद करण्याचे बटण ज्याच्या हातात आहे त्याला आपली चूक लपवण्याची सोय कायम उपलब्ध असते.

राहता राहिला खोल्यांचा प्रश्न, जो आयोजक कारकुनी काम म्हणून कोणाच्या तरी गळ्यात टाकतात. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात, म्हणजे तिथल्या सर्वांत जुन्या विहारांपैकी एकात, चौकोनी मंडपाच्या तीन बाजूंना मिळून बारा खोल्या आहेत, आणि आत समोरासमोर दगडी ओटे कोरलेले आहेत, उशाशी उंचवटा ठेवलेले. एका खोलीत दोघे, ही योजना डोंगर फोडतानाच ठरलेली होती. कोणाला कोणाबरोबर ठेवायचे हे ठरवणारा भिक्षू पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांपासून मोकळा असावा, अशी विनयाची अट आहे. या कामासाठी नावाजलेला दब्ब मल्लपुत्त मात्र सुत्ते म्हणणाऱ्यांना सुत्ते म्हणणाऱ्यांबरोबर, विनय जाणणाऱ्यांना विनय जाणणाऱ्यांबरोबर आणि ध्यान करणाऱ्यांना ध्यान करणाऱ्यांबरोबर ठेवी. सारख्याला सारखा जोडीदार, म्हणजे वरवर पाहता माझ्या म्हणण्याच्या अगदी उलट. पण दब्बाने वाटणी केली ती अभ्यासावरून, कूळ किंवा गाव विचारून नाही. एकाच विषयात बुडालेले दोघे एकमेकांच्या चुका जितक्या बारकाईने पकडतात तितक्या दुसरे कोणी पकडत नाही. आपल्याकडे बहुतेकदा एकाच कॉलेजातून आलेली, एकच भाषा बोलणारी दोन मुले सोयीखातर एका खोलीत टाकली जातात. ती लगेच रुळल्यासारखी दिसतात, तक्रार करत नाहीत, आणि त्यांच्या गावातले त्यांचे जाणतेपण त्यांच्याबरोबर त्या खोलीत चार आठवडे सुखाने नांदते.